पादिर गुरुजींचा अपमान

पादिर गुरुजींचा अपमान करणं ही सोपी गोष्ट नव्हती. भल्याभल्यांनी प्रयत्न करून पाहिले, पण कुणाला जमलं नाही.

आमच्या शाळेच्या पालकसभेत एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ठाकरांना मास्तर केलं तेव्हाच ही शाळा बुडाली." मी खाली बघायला लागलो. आमच्या शाळेत ठाकर आदिवासी जमातीतले मास्तर एकच होते आणि ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. गुरुजी शांतपणे उभे राहिले. "शाळा बुडाली म्हनून यांना वाईट वाटतंय," ते म्हणाले, "म्हंजे शाळेची काळजी हाय त्यांना. असा मानूस शाळेच्या समितीत पायजे." आणि त्यांनी त्या गृहस्थांचं नाव सुचवलं. टाळ्या पडल्या. त्यांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. पुढे त्याच गृहस्थांनी शाळेच्या छपराला पत्रे दिले. देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

हरी पादिर हे भिवपुरीच्या बाजूला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीतले. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं एका शाळेत काढली. आम्ही दोघंही शिक्षक, पण गावात मी 'ठोंबरे सर' आणि ते 'गुरुजी'. याचंही त्यांच्याकडे स्पष्टीकरण होतं. सर म्हणजे सरकारी, गुरुजी म्हणजे घरचे. "तुमाला अजून घरचं मानलं नाय लोकांनी," असं म्हणून ते माझीच समजूत काढायचे.

पांढरी पँट, पांढरा शर्ट, बारा महिने हातात छत्री, आणि तोंडात एक वाक्य. "त्याला कारन हाय." कुणी काहीही करो, बोलो, नाक मुरडो, गुरुजींकडे त्याचं कारण तयार असे. आणि ते कारण कधीही जातीचं नसे. "जात आता दाखल्यावर राहिली, सर," ते म्हणायचे. "तीपन दाखला हरवला तर नाय."

एकदा आम्ही घरोघरी माहिती गोळा करायच्या कामावर होतो. एका घरी चहा आला. मला आणि ग्रामसेवकाला कपबशी, गुरुजींना स्टीलचा पेला. मी अस्वस्थ झालो, गुरुजी मजेत फुंकर मारत बसले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "तुमच्या कपात दोन घोट. माझ्या पेल्यात किती मावला बघितला? बाईनं बरोबर वळखलं, मला चहा जास्त लागतो."

दुसऱ्या वेळी ते कर्जतकडच्या एका फार्महाऊसच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभे होते. मुंबईची गाडी आली, काच खाली झाली आणि आतल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, गेट खोलो, कितना टाइम?" गुरुजींनी फाटक उघडलं, गाडी आत घेतली, फाटक लावलं. मी पोचलो तेव्हा ते आतून बाहेर येत होते. "त्यांना मी वॉचमन वाटलो," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला?" "राग कसला? राखनदारी कोनाला देतात? भरवशाच्या मानसाला. पैल्या भेटीत एवढा भरवसा तुमच्यावर ठेवला का कोनी?"



गुरुजींच्या घरात मात्र विरोधी पक्ष होता. त्यांची मुलगी वनिता. आई लहानपणीच गेलेली, बापलेक दोघंच. वनिता रसायनशास्त्र शिकली, एम.एस्सी. झाली, आणि बापाला जे कुठेच दिसत नसे ते तिला सगळीकडे दिसे. हॉटेलात पोऱ्याने पाणी आणायला उशीर केला की ती म्हणायची, "बघितलंत?" गुरुजी म्हणायचे, "त्यानं कोनालाच पानी दिलं नाय अजून." एकदा दवाखान्यात तिच्या मागून आलेल्या बाईला आधी आत घेतलं. वनिताने तिथल्या तिथे भांडण काढलं. मग कळलं की ती बाई डॉक्टरांची सासू होती. हा किस्सा गुरुजींनी पुढे दोन वर्षं वापरला.

बाजाराच्या दिवशी दोघं आमच्या ओटीवर टेकत. बायको चहा द्यायची, आम्हाला सगळ्यांना एकसारख्या कपात. याचा मला मनातून थोडा अभिमानही होता. मग खटला सुरू व्हायचा. वनिता आठवड्यातला एखादा प्रसंग सांगायची, गुरुजी बचावाला उभे राहायचे, आणि शेवटी दोघंही माझ्याकडे वळायचे.

"काका, तुम्ही सांगा."

"दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे," मी म्हणायचो.

यावर दोघंही माझ्याकडे सारख्याच निराशेने बघायचे. पण मला खरोखरच तसं वाटायचं. पूर्वीसारखं आता राहिलं नाही हे तर दिसतच होतं. अगदीच गेलं नाही हेही ऐकून होतो. खरं कुठेतरी मधे असणार. आणि मधे बसायला जागा ऐसपैस असते.

मागच्या वर्षी वनिताला कुंभिवलीकडच्या एका औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली. गुरुजी आधीच निवृत्त झाले होते. त्यांनी गावभर पेढे वाटले, समितीवाल्या गृहस्थांना दोन जास्त दिले. वाडीवरून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून हायवेच्या बाजूला एक खोली बघितली. फोनवर सगळं ठरलं. मालक गोड बोलला, "या, बघून जा, चावी घेऊनच जा." बापलेक गेले. मालकाने नाव विचारलं, गाव विचारलं, मग "पादिर म्हणजे कोण?" म्हणून विचारलं. गुरुजींनी सांगितलं. त्याबरोबर मालकाला आठवलं की त्या खोलीत त्याचा भाचा राहायला येणार आहे.

त्या रविवारी ओटीवर खटला रंगला.

"भाचा येनार असंल," गुरुजी म्हणाले. "त्याला कारन हाय. हायवेला कामं वाढलीत, पोरं येतात."

"बाबा, त्या दिवशी सकाळी फोनवर त्याला भाचा नव्हता," वनिता म्हणाली. "आपलं आडनाव ऐकल्यावर जन्माला आला तो."

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही फोन करा. ठोंबरे म्हणून. खोली आहे का विचारा. एवढंच."

मला ते नको होतं. गुरुजींचंच खरं निघावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते फक्त गुरुजींसाठी वाटत होतं असं नाही. पण तिच्यासमोर नाही म्हणता येईना. फोन केला. खोली होती.

"फोनवर तर आमालापन होती," गुरुजी म्हणाले. तेही खरंच होतं. तेव्हा मी प्रत्यक्ष जायचं ठरलं. गुरुजी हट्टाने माझ्या स्कूटरवर मागे बसले, पण घरापर्यंत आले नाहीत. नाक्यावरच्या बसथांब्यावर उतरले. "तुमी या जाऊन. मी हितं सावलीला बसतो."

मालक खरोखरच गोड माणूस होता. वय साधारण माझ्याएवढं, कपाळाला अष्टगंध. "ठोंबरे म्हणजे आपलेच की," म्हणाला. खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, मग घरात नेऊन बसवलं. चहा आला. भाच्याचा विषय मीच काढला. तो हसला. "भाचा कसला? परवा एक ठाकराची पोर आली होती बापाबरोबर. पोर शिकलेली, बोलायला बरी. वाईट काय नाय. पण आज एक ठेवली तर उद्या सगळी वाडी उतरंल."

मी काय केलं ते सांगतो. मी चहा संपवला. तो चांगला झाला होता. मग "घरी विचारून कळवतो" म्हणालो आणि नमस्कार करून निघालो. काय बोलायला हवं होतं ते मला स्कूटर सुरू केल्यावर सुचलं, आणि तोवर मी फाटकाबाहेर होतो.

बसथांब्यावर गुरुजी छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"गुरुजी, खरंच आलाय भाचा," मी म्हणालो.

"आस्सं? कसा हाय दिसायला?"

"बरा आहे."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं आणि बाकावर शेजारी हात थोपटला. मी बसलो.

"सर, तुमी अर्धा तास आत होता. भाचा बघायला एवढा वेळ लागत नाय. खोली बघायला लागतो." समोरून दोन ट्रक गेले, ते जाईपर्यंत ते थांबले. "मला कळत नाय असं वाटतं का तुमाला?"

मी स्कूटरची किल्ली बोटांत फिरवत राहिलो.

"वनी सहा वर्षांची होती. खाली गावात एका लग्नाला नेलं होतं तिला. पंगतीला बसलो, वाढप सुरू झालं, आन् एकानं येऊन उठवलं. म्हनला, मास्तर, तुमची सोय मागल्या बाजूला. पोरीनं विचारलं, बाबा, आपल्याला का उठवलं? काय सांगनार? मी म्हनलं, या पत्रावळी फाटक्या होत्या गं, मागं चांगल्या हायत. तिला पटलं. पोटभर जेवली. मी बघत बसलो." त्यांनी छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. "तवापासून सवय लागली. ती मोठी झाली, तिला पटायचं बंद झालं. माझं बोलनं काय थांबलं नाय."

"पण गुरुजी, राग?"

"राग येतो की. पन सोमवारी शाळा असायची ना. पेल्यात चहा देनाऱ्या बाईचं पोर पैलीत, पंगतीतून उठवनाऱ्याचा नातू तिसरीत. राग धरला तर त्यांना बाराखडी कोन शिकवनार?" मग उठले. "चला. वनीला खरं सांगा. तिचंच बरोबर हाय."

गुरुजी बाजारहाट करायला गेले आणि आमच्या ओटीवर थांबलेल्या वनिताला मी खरं सांगितलं. चहासकट. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बघितलंत? इतकी वर्षं ती हा खटला लढत होती आणि आज जिंकली होती. पण ती म्हणाली, "बाबांचं खरं निघालं असतं तर बरं झालं असतं."

मी उठणार तेवढ्यात तिने विचारलं, "काका, तुम्ही आमच्याकडे कधी जेवलात?"

हे सांगायचं राहिलंच. दर वर्षी नवा तांदूळ घरात आला की गुरुजी मला वाडीवर जेवायला बोलवत. अकरा वर्षं शाळेत, आणि निवृत्तीनंतरही. पहिल्या वर्षी आमच्याकडे खरोखरच पाहुणे होते. दुसऱ्या वर्षी उपवास होता. मग स्कूटर बंद पडली, मग आईला बरं नव्हतं. एकदा तर मला पुढच्या वर्षीचंही निमित्त आधीच सुचून ठेवलेलं होतं. मी जात मानत नाही. कुणीही विचारावं, मी छातीठोकपणे सांगेन. पण अर्ध्या तासाच्या चढावर असलेल्या घरी मी एकदाही गेलो नव्हतो, आणि का गेलो नव्हतो हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"नाही जेवलो," मी म्हणालो.

"माहीत आहे. बाबा दर वर्षी तुमचं ताट काढून ठेवायचे. मी चिडले की म्हणायचे, सरांना पित्ताचा त्रास हाय, त्यांना बाहेरचं सोसत नाय."

मला पित्ताचा त्रास कधीच नव्हता.

खोली पुढे मिळाली. कुंभिवलीतच एका विधवा बाईंनी दिली. त्यांनी आडनाव विचारलं नाही. गाणी मोठ्याने लावत नाहीस ना, एवढंच विचारलं. वनिता तिथे बरी रुळली. शनिवारी वाडीवर येते.

आणि दिवाळी झाल्यावर एका रविवारी, बोलावण्याची वाट न बघता, मी वाडी चढून गेलो. दोनदा बसावं लागलं. गुरुजी अंगणात सुपात तांदूळ घेऊन निवडत होते. मला बघून उभे राहिले, सूप हातातच. "काय झालं? घरी सगळं बरं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"जेवायला आलोय," मी म्हणालो.

ते सूप हातात घेऊनच आत गेले. भांड्यांचा आवाज आला, वनिताला हळू आवाजात काही सूचना दिलेल्या ऐकू आल्या. तासाभराने आम्ही तिघं सारवलेल्या जमिनीवर बसलो. नव्या तांदळाचा वाफाळता भात, नाचणीची भाकरी, उडदाचं वरण, रानातली कसलीशी भाजी. मी पहिला घास घेतला. वरणाला तिखटाचा पत्ता नव्हता. भाजीही तशीच, नुसती मीठ घातलेली. मी वनिताकडे पाहिलं. ती मान खाली घालून खात होती.

"तुमच्यासाठी बेताचं केलंय," गुरुजी म्हणाले. "पित्ताला बरं असतं."

मी घास गिळला. "गुरुजी," मी म्हणालो, "मला पित्त नाही. कधीच नव्हतं. मिरची असेल तर द्या."

वनिताचा हात थांबला. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि मागच्या परसात गेले. उघड्या दारातून मिरचीची दोन-तीन झाडं दिसत होती. एक मिरची तोडायला किती वेळ लागतो? गुरुजी आमच्याकडे पाठ करून तिथे बराच वेळ उभे होते. वनिता उठायला लागली, तिला मी हातानेच बसवलं. आम्ही भात तसाच ठेवून त्यांची वाट बघत राहिलो.