कलम सात आणि क्लबहाऊसची खोली

माणसे कमी झाली की परिपत्रके वाढतात, हा सहकारी गृहरचनेचा पाया आहे.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतील ओमाहा पोकर मंडळात सहा सभासद होते. दोघे नातवंडे सांभाळायला परदेशी गेले (परतीचे तिकीट मुलांच्या ताब्यात आहे). उरलो चौघे. सहाहून कमी सभासदांच्या मंडळाला क्लबहाऊसची खोली मिळत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरी कुसुमताईंना ती योगवर्गासाठी हवी होती. पण त्या मंडळाच्याही सभासद. अन्याय नको म्हणून त्यांनीच सुचवले, की खोलीचा निकाल एका डावावर लागावा. मंडळाचे अध्यक्ष गोपाळकृष्णराव विरुद्ध त्या.

गोपाळकृष्णरावांनी त्याच दुपारी (अर्थात चारनंतर) ‘घटत्या खेळाडूसंख्येसाठी सुधारित धोरण’ जारी केले. ओमाहात हातात चार पाने, टेबलावर पाच; हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची तीन जुळवायची. सहाजणांत चांगल्या पानांची वाट पाहत बसता येते. कमी माणसांत ती चैन नाही. सामान्य पानांवरही भिडावे, बेधडक थाप मारावी. कलम सात : प्रतिस्पर्ध्याची चूक दुरुस्त करू नये.

कलम सात सर्वांनाच जाचक वाटले. माझ्या पाहणीनुसार आमच्या भागातील अठ्ठावन्न टक्के लोक समोरच्याची चूक तत्काळ सांगतात. उरलेले पंचेचाळीस टक्के आधी पाणी विचारतात.

डाव रोखीचा होता. रोख म्हणजे खारे शेंगदाणे (भांडवल खाण्यास मनाई). टेबलावर पंजा, छक्का, नव्वा, राजा, दुर्री. गोपाळकृष्णरावांनी नुसत्या राजांच्या जोडीवर सगळे दाणे पुढे लोटले. कुसुमताईंनीही लोटले, आणि दोघांनी पाने उघडली.

“माझ्या दोन राण्या. हरले. घ्या खोली.”

गोपाळकृष्णरावांनी कुसुमताईंची चारही पाने पुन्हा पाहिली. कान लाल झाले. शेजारी बसलेल्या, मंडळाच्याच सुखदेवने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

“अहो कुसुमताई,” गोपाळकृष्णरावांना राहवले नाही, “बाकीची दोन काय शोभेला धरलीत? सत्ता-अठ्ठा आहेत. पंज्यापासून नव्व्यापर्यंत ओळ लागते. ओळीपुढे जोडी हरते. जिंकलात तुम्ही.”

“हो का,” कुसुमताई म्हणाल्या आणि पर्समधून योगवर्गाचा छापील फलक काढला. “उद्या सकाळी सहाला. चटई आपापली.”

मंडळ आता जिन्याखाली भरते. दोन सभासद मिळाले तर खोली परत मागता येईल. मात्र वरच्या टक्केवारीची बेरीज एकशे तीन होते, हे मला कळवण्यासाठी ज्यांनी फोन उचलला, त्यांनी अर्ज करू नये.

आणि आपण, जे आत्ता वर जाऊन बेरीज करून आलात, आपलाही नामंजूर.