दोन नंबरचा रिमोट

नेरूरकराच्या घरी चहाच्या आधी रिमोट येतो.

तुम्ही कुणीही असा. बेल वाजवलीत, चपला काढल्यात, सोफ्यावर टेकलात, की तो आतून ते यंत्र घेऊन येतो. हातात धरून खेळायचं कन्सोल. मधे पडदा आणि दोन्ही कडांना बटणांचा एकेक तुकडा. ते तुकडे खटकन निघतात आणि दोन माणसांना दोन रिमोट होतात. डावा तुकडा तो तुमच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "पाहुण्याला एक नंबर." उजवा, म्हणजे दोन नंबर, स्वतःकडे. मग एक डाव खेळल्याशिवाय तुमची सुटका नाही. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत गॅसवाला, प्लंबर, वीजमीटर बघायला येणाऱ्या बाई, सगळे खेळून गेलेत. आमचे चेअरमन पुनर्विकासाच्या कागदावर त्याची सही घ्यायला गेले होते. ते सही न घेताच परत आले आणि मला जिन्यात गाठून विचारत होते, की मोहिते, ते कावळे तिसऱ्या फेरीत जास्त येतात का हो?

मी त्याच्या समोरच्या दारात राहतो. धंदा मसाले आणि लोणची दुकानदारांना पोचवण्याचा. माल नुसता चांगला असून भागत नाही, तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे असावा लागतो, हे मी अर्धं आयुष्य घालवून शिकलोय. आणि नशीब बघा, शेजारी कोण मिळाला, तर आपला माल खपू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस.

तो खेळ नेरूरकराने स्वतः बनवलाय. दिवसा एका विमा कंपनीचं संगणकाचं काम घरी बसून करायचं आणि सकाळी आंघोळ झाली की दोन तास हे. पाच वर्षं लागली त्याला. खेळाचं नाव 'वाळवण'. चाळीची गच्ची, तिच्यावर जुनं पातळ अंथरून आईने वाळत घातलेले पापड, एक भाऊ, एक बहीण. कावळे येतात, हे दोघं हाकलतात. बास. बंदूक नाही, राक्षस नाही. तिसऱ्या फेरीपासून कावळे पाण्याच्या टाकीपलीकडे उतरतात, आणि तिथे पोचायला बहिणीला पाइपावरून उडी मारावी लागते. उडी चुकली की पापड गेले आणि खालून आईची हाक येते. ती हाक त्याने स्वतः नाक दाबून भरली आहे.

पण काय चित्रं काढलीत लेकाने! गच्चीच्या कठड्याचा उडालेला चुना, पातळाचा विरलेला काठ, कोपऱ्यात चपलांचे दोन लहान जोड, त्यातल्या एका चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा ती पिन बघून मला कसंतरीच झालं. आमच्याही चाळीत हेच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणाच्या तरी घरी टीव्हीला जोडायचा गेम असायचा, कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, आणि पाहुणे आले की मोठी माणसं वायरी उपटून टाकायची. गच्चीवर पापड राखायला बसवलं की निम्मे ओले पापड आमच्याच पोटात जायचे. कावळ्यांवर आळ घ्यायला आई काही वेडी नव्हती, पण ती घ्यायची.

असो. मुद्दा खपण्याचा.

हा खेळ विकायचं दुकान त्या यंत्राच्याच पडद्यावर उघडतं. ना शटर, ना गल्ला, पण रीत सगळी आपल्या वाण्याचीच. नवीन आलेल्या खेळांची एक रांग असते. आज आलात तर रांगेत पहिले. उद्या तुमच्यापुढे दहा जण उभे. आठवड्याभरात तुम्ही कुठल्या कुठे जाता ते तुमच्या आईलाही सापडायचं नाही. दर्शनी फळीवर मोठ्या कंपन्यांचे खेळ, आणि घरी बसून एकट्यादुकट्याने केलेले खेळ आपले एका चौकोनी चित्राच्या जिवावर मागे उभे. नेरूरकराने हे समजावलं तेव्हा मला गहिवरून आलं. माझ्या लिंबाच्या लोणच्याचं दुसरं काय होतं? आठ दिवस पुढे, मग कायमचं फिनेलच्या बाटल्यांमागे.

म्हणून मी सल्ले दिले. चांगले, अनुभवाचे. त्या चौकोनी चित्रात कावळा टाक, कावळ्याकडे लहान मूल पण बघतं. त्याने तिथे त्या चपला टाकल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. खेळ मोबाइलवर आण, तिथे अख्खी दुनिया आहे. नाही, म्हणाला, याच यंत्रावर. एकट्याला खेळता येईल असं कर, कारण त्याचा खेळ दोघांशिवाय सुरूच होत नाही. त्यालाही नाही. प्रत्येक नकाराला कारण एकच.

"तसंच असतं ते."

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. नळाला पाणी का नाही, पेपर उशिरा का आला, तू लग्न का नाही केलंस, सगळ्याला हेच उत्तर. खेळाच्या शेवटी त्याने हौसेने तक्रार पेटी म्हणून आपला ईमेल दिला होता, तिथेही हेच. कुठल्यातरी थंड देशातल्या एका माणसाने विचारलं होतं, की हे पिझ्झे तुम्ही चादरीवर का ठेवता? पण बाकी सगळ्यांची तक्रार एकच, दोन नंबरच्या रिमोटचं उडीचं बटण चालत नाही. दहादा दाबावं तेव्हा नशिबाने एखादी उडी लागते, दुरुस्त करा. नेरूरकर प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर पाठवायचा, "इट इज लाइक दॅट ओन्ली."

मला मात्र ते बटण कधी बिघडलेलं दिसलं नव्हतं. दोन नंबर कायम त्याच्याकडे, आणि खेळातली त्याची बहीण पाइपावरून टुणकन पलीकडे. उडीच्या वेळी त्याचे ओठ हलायचे. मला वाटायचं, भाविक माणूस आहे, मारुतीचं नाव घेत असेल.

या एप्रिलमध्ये त्या दुकानात सेल लागणार होता. मी इतका मागे लागलो की तो किंमत उतरवायला कसाबसा तयार झाला. बाकी कशाला हात लावायचा नाही या अटीवर. आणि खेळ चालला की हो! रोज सकाळी मी त्याच्याकडे डोकावून भवानी झाली का विचारायचो आणि रोज झालेली असायची. तक्रारीही तशाच वाढल्या, पण तक्रार आली म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या घरात पोचला, असं आमच्या धंद्यात मानतात. त्यातच गोरेगावच्या एका कंपनीचा फोन आला. असे छोटे खेळ उचलून ते सगळीकडे लावायचे, हाच त्यांचा व्यवसाय. त्यांच्या एक मॅडम भेटायला आल्या. मीही व्यवहारी माणूस म्हणून जाऊन बसलो.

मॅडमना चहाच्या आधी रिमोट मिळाला, एक नंबर. बाई मनापासून खेळल्या, हसल्या, त्यांच्या आजीच्या कुरडयांची आठवण सांगितली. मग कामाचं बोलल्या. खेळ आम्ही घेतो, दर्शनी फळीवर लावतो, फोनवर आणतो. फक्त दोन गोष्टी. ते बटण दुरुस्त करा आणि एकट्याला खेळता येऊ दे.

"हल्ली लोक एकेकटेच खेळतात, सर," त्या म्हणाल्या.

"एकट्याला वाळवण राखता येत नाही, मॅडम," नेरूरकर म्हणाला. "आणि बटण तसंच असतं ते."

मॅडमनी दोनदा समजावलं, चहा संपवला आणि टीपॉयवर कार्ड ठेवून त्या गेल्या. दार लागलं आणि माझं डोकं फिरलं.

"अरे वेड्या, एक बटण आहे! पाच वर्षं घातलीस, ती एका बटणासाठी पाण्यात घालतोस?"

तो उठून आत गेला आणि परत चहा टाकला. त्याच्या घरी रिमोटशिवाय आलेला तो माझा पहिला चहा. मग कपाकडे बघत त्याने जे सांगितलं, ते मला इतक्या वर्षांच्या शेजारात माहीत नव्हतं.

त्याला एक धाकटी बहीण आहे. चिंगी. गोरेगावच्या चाळीत असताना वडिलांनी टीव्हीचा गेम आणला होता. रिमोट दोन. त्यातल्या दोन नंबरचं उडीचं बटण महिन्याभरात बिघडलं. एक नंबर थोरल्याचा, दोन नंबर तिचा, असा कायदाच होता. हा कायदा केला कुणी, तर यानेच. चिंगी भांडली नाही. तिने त्या बटणाची एक युक्ती शोधून काढली आणि त्याच फुटक्या रिमोटने त्याच्या बरोबरीने खेळत राहिली. ती युक्ती फक्त त्या दोघांना ठाऊक. 'वाळवण'मधल्या दोन नंबरच्या बटणात त्याने तीच घातली होती. काय युक्ती, असं मी विचारलं, तर म्हणाला, ती तिने सांगायची.

पुढे चिंगी नोकरीला लागली आणि तिने ऑफिसातल्याच एकाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, शिकलेला. पण वडिलांना त्याचं आडनाव चालेना. ते तिला म्हणाले, जायचं तर जा, पण परत या दारात यायचं नाही.

"मी दाराशीच उभा होतो, मोहिते. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. खाली चपलांकडे बघत राहिलो."

वडील गेले, आई गेली. आईच्या वेळी ती येऊन लांबूनच नमस्कार करून गेली, बोलणं झालंच नाही. मी विचारलं, आता कुठे असते?

"दहिसरला."

मी कप खाली ठेवला. बोरिवलीहून दहिसर म्हणजे पुढचं स्टेशन. माणूस दहिसरला, आणि हा जगभर दुकान लावून बसलाय. मी तसं म्हणालोही. नंबर आहे तिचा, तो म्हणाला, पण फोन लावला की आधी हॅलो म्हणावं लागतं, आणि त्याच्या पुढचं येत नाही. मग त्याने मोबाइलमधला एक फोटो दाखवला. मामेभावाच्या लग्नातला, नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला. कडेला चिंगी उभी होती आणि शेजारी तिची मुलगी मान खाली घालून काहीतरी खेळत होती. सगळे नातेवाईक नवरीचा शालू बघत होते तेव्हा नेरूरकर तो फोटो मोठा करून भाचीच्या हातातलं यंत्र कुठलं ते बघत होता. हेच होतं, हे कन्सोल. दुसऱ्या दिवशी त्याने खेळ लिहायला घेतला.

मी त्या दिवशी त्याला एकही सल्ला दिला नाही. खपाबद्दल मला काय कळतं, असं आयुष्यात प्रथमच वाटलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, सकाळी, माझ्या दाराची बेल वाजली. नेरूरकर. बनियनवर, ओल्या केसांनी, उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत ताटासारखा धरून. हा माणूस कधी आपणहून कुणाच्या घरी जात नाही. वाच, एवढंच म्हणाला.

तक्रार पेटीत पत्र होतं. मराठीत. खाली नाव नव्हतं.

"दोन नंबरचं बटण बिघडलेलं नाही. एकदा दाबायचं, मनातल्या मनात लिमलेट म्हणायचं, मग परत दाबायचं. मुलीने सेलमध्ये खेळ घेतला. तिला उडी जमत नव्हती, मी शिकवली. पापड सगळे वाचले. माझी तक्रार वेगळी आहे. दर वेळी दोन नंबर मलाच का?"

मारुती नव्हता तर. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून लिमलेट म्हणत होता. सेलमध्ये किंमत माझ्या सल्ल्याने उतरली होती हे मी त्याला सांगणार होतो, पण राहू दिलं.

त्याने लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि सवयीने 'तसंच असतं ते' टाइप केलं. मग त्याकडे बघत बसला. मग एकेक अक्षर पुसलं. काय लिहू रे, असं त्याने मला विचारलं. मसाल्याच्या पाकिटांवर काय छापायचं ते मी ठरवतो, पण हे पाकीट माझं नव्हतं. शेवटी त्यानेच लिहिलं, "रविवारी येतो. एक नंबर तुला."

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, यंत्र टॉवेलात गुंडाळून निघाला. तसलंच यंत्र भाचीकडे असताना आपलं कशाला नेतोस, असं मी विचारलं नाही. दिवस कसा काढला माझं मला ठाऊक. संध्याकाळी त्याची पावलं वाजली तशी मी दार उघडून उभा राहिलो. हात रिकामे होते, तो खिशात किल्ली शोधत होता.

"काय झालं?"

"दार तिनेच उघडलं. मी म्हटलं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, हो."

"मग?"

"मग मी यंत्र टॉवेलातून काढलं. खेळायला बसलो."

"आणि पापड?"

"गेले सगळे. तिला एक नंबरची सवयच नाही." किल्ली सापडली, पण तो ती तशीच हातात धरून उभा राहिला. "म्हणाली, सवय होईपर्यंत येत जा."

यंत्र तो दहिसरलाच ठेवून आला होता. त्याने दार उघडलं, आणि आम्ही आत जाऊन नुसता चहा प्यायलो.