सबनीसांचं अपुरं वर्तुळ

सबनीसकाकांकडे चहा फुकट मिळत नाही. आधी पाच मिनिटं तोंड बंद ठेवून भिंतीकडे बघावं लागतं.

भिंतीवर एक जपानी पद्धतीचं लोंबतं चित्र आहे. म्हणजे, होतं. वर काठी, खाली काठी, कडेनं रेशमी कापड, मधे कागद आणि कागदावर काळ्या शाईचं एकच वर्तुळ. तेही नीट न मिटलेलं. झेन ध्यानातली चित्रं अशीच असतात, असं काकांचं म्हणणं. पाच मिनिटं झाली की ते विचारत, “दिसलं?” मी “दिसलं” म्हणे आणि चहा मिळे. काय दिसलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत होती, कारण मला आल्याच्या चहापलीकडे काहीच दिसलेलं नसे.

कुवेतच्या मिरकाब भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत ते माझ्या समोरच राहतात. मूळचे नाशिकचे, पेट्रोकेमिकल प्लांटवर इंजिनिअर, घरी एकटे. जगातल्या सगळ्या प्रश्नांवर त्यांचं एकच उत्तर: “आधी बघा, मग बोला.” वांगंसुद्धा ते असंच घेतात; भाजीवाला त्यांना पाहून स्टूल पुढे करतो. एकदा आम्ही इमारतीतले सगळे खैरानला समुद्रकाठी सहलीला गेलो. गाण्याच्या भेंड्या ऐन रंगात, आणि ह्यांनी भाड्यानं घेतलेल्या शॅलेतलं घड्याळ उतरवून त्या खिळ्यावर चित्र टांगलं! माझी मुलगी म्हणाली, “अंकल, इट्स नॉट ईव्हन अ फुल सर्कल.” सगळे हसले. काका मात्र खूश. “बापट, हिला दिसलं बघा! तुम्हाला इतक्या वर्षांत नाही.”

रोज दिवेलागणीला ते चित्र उतरवून, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं गुंडाळत आणि लाकडी पेटीत ठेवत.

गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नासाठी ते नाशिकला गेले. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. परत आले की त्यांची साठी. माझ्या मनात आलं, रोज गुंडाळून कापड विरलंय. आपण झकास फ्रेम करून देऊ. मला चांगले विचार क्वचितच सुचतात, म्हणून सुचले की मी ते तपासत बसत नाही.

फ्रेमवाल्यानं विचारलं, “साब, ये कपड़ा और डंडी निकालनी पड़ेगी. निकालूं?”

“निकालो,” मी म्हणालो. वर, “काच एकदम चमकनेवाला लगाना,” हेही मीच.

काका आले. मी टाळ्या वाजवायच्या तयारीत. त्यांनी फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवलं.

“कापड कुठंय, बापट?”

“जुनं झालं होतं काका, काढून टाकलं.”

“हिच्या लग्नातल्या शालूचं होतं.”

मग हळूहळू सगळं कळलं. प्लांटवरच्या एका जपानी इंजिनिअरच्या बायकोकडून काकू ही चित्रकला शिकल्या होत्या, इथेच, कुवेतमध्ये. आजारपणात शेवटचा ब्रश हातात घेतला, आणि वर्तुळ मिटायच्या आधी हात थकला. शालू कापून चित्र मढवलं ते काकांनी. मी दहा वर्षं तिथे चहा प्यायलो. चित्र कुणी काढलं, हे एकदाही विचारलं नाही.

तसाच चपला अडकवून दुकानात धावलो. कापड केव्हाच कचऱ्यात गेलेलं. खालची काठी तेवढी मिळाली. तिनं फ्रेमवाला वरच्या फळीवरचे खोके सरकवत होता.

काठी मी दोन्ही हातांनी काकांसमोर धरली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “बसा.”

फ्रेम भिंतीवर लावलेली होती. मी पाच मिनिटं बघत बसलो. काचेत ट्यूबलाइट, माझं टक्कल आणि मागे चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले काका.

“दिसलं?”

पहिल्यांदाच मी खरं बोललो. “नाही, काका.”

“मलाही नाही,” ते म्हणाले आणि कप माझ्या हातात दिला.