विसाजी वाकनीस यांसी यंत्राने जिवंत केले त्याची हकिकत

श्री. ज्याने बुद्धी दिली त्यास साष्टांग नमन, आणि ज्याने बुद्धी भाड्याने आणोन दिली त्यासही नमन, परंतु दुरोन. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक मासी आमचे राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामति लिहितो. आधीच सांगतो, लिहिणार संशयी आहे. गोड बोलणारा दिसला की आम्ही प्रथम आपला खिसा चाचपतो, मग नमस्कार करितो.

राज्य थंड कोठारांचे. मासळी, बटाटे, लोणी, सारे रयतेचे तेथे ठेवणे, आणि कोठारे गार राखावयास नळांतून अमोनिया खेळविलेला. हा वायू मोठा कजाग. नळ फुटला तर डोळे झोंबोन मिटतात आणि श्वास कोंडतो आणि माणूस दाराशी असोन त्यास दार सापडत नाही. म्हणोन चाकरीस येणाऱ्याने आधी मोबाइलवर कोर्स करावा, परीक्षा द्यावी, मग कोठारात पाय टाकावा, ऐसा दंडक. हे कोर्स रचणारा प्रशिक्षण-कारखाना वेगळा, आणि त्याच्या मुख्य चिमाबाई वाकनीस. बाई बोलण्यास फटकळ, कामास चोख. त्यांचे कारखान्याची रीत ऐसी की, प्रत्येक धड्याचा आरंभ आपल्याच राज्यात खरोखर घडलेल्या गोष्टीने व्हावा. कारण उपदेश या कानाने येतो आणि त्या कानाने जातो, परंतु आपल्यातल्या माणसाची गोष्ट राहते.

वायुगळतीचा धडा बाईंनी स्वहस्ते लिहिला होता, आणि गोष्ट त्यांचे धाकट्या भावाची, विसाजीची. विसाजी बंदरकोठारावर फिटर होते. नळ फुटला तेव्हा ते सुखरूप बाहेर आले, आणि सोबती दिसेना म्हणोन पुन्हा आत धावले, आणि सोबती तर मागील दाराने केव्हाच निघोन गेला होता, आणि विसाजी काही परत आले नाहीत. धडा एवढाच की, एकदा बाहेर आलात तर मुखवटा ल्यालेल्या पथकावाचोन कोणी आत जाऊ नये, मग आत सख्खा भाऊ का असेना. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांस त्या दिवशी जेवण जात नसे, परंतु विसरत कोणी नसे.

मग दिवाण हैबतराव परमुलखी सभेस गेले आणि येताना लेखनयंत्र घेवोन आले. यंत्र कैसे? तर सांगावे ते लिहिते, न सांगावे तेही लिहिते, आणि काही पुसले की आधी ‘वा, उत्तम प्रश्न’ म्हणते. आमचे मनात तेव्हाच पाल चुकचुकली. भाटदेखील बिदागी ठरल्यावाचोन स्तुती करीत नाही, हे फुकट करिते, म्हणजे कोठेतरी पाणी मुरते. परंतु दिवाणजी हर्षले, आणि चिमाबाई डोंगराकडील कोठारांच्या दौऱ्यावर असता त्यांनी कारखान्याचे कारकून नीळकंठपंत यांस बोलाविले आणि फर्माविले की, वायुगळतीच्या धड्यास शिकणाऱ्यांनी पाचांपैकी दोनच तारे दिले आहेत, लोकांस रडवोन काय शिकविता, उमेद येईल ऐसे करा. पंतांनी तेच शब्द यंत्रास सांगितले, आणि विडा रंगेतो नवा धडा तयार. मग धडा बरोबर आहे किंवा कैसे हे कोणी पाहावे? तर यंत्रानेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! यंत्राने धडा अप्रतिम ठरविला, मग परीक्षाही त्यानेच काढिली आणि त्यानेच तपासिली, आणि सारे नवे भरती झालेले पूर्ण गुणांनी उतरले, आणि तारे पाचांपैकी पाच, आणि दिवाणजींनी पेढे वाटिले. आम्हीही एक खाल्ला, नाही कशास म्हणा.

पुढे चिमाबाई आल्या आणि धडा उघडोन बसल्या. त्यात लिहिले होते की, विसाजी न डगमगता आत गेले आणि सोबत्यास खांद्यावर घेवोन हसत बाहेर आले, सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आणि कोणी चहा दिला तो विसाजींनी आधी सोबत्यास पाजिला, मग आपण घेतला. पराभवास ‘माघार’ आणि पळाले त्यास ‘कूच केले’ लिहावे, हा आम्हां बखरकारांचा वतनी हक्क. परंतु मेलेला माणूस चहा पिताना दाखविण्याची छाती आम्हांसही कधी जाहली नाही. आम्हांस वाटले, आता बाई पंतांचे वाभाडे काढणार. पंतही मान खाली घालोन उभे राहिले. परंतु बाईंनी धडा पुन्हा वाचिला, आणि पुन्हा, आणि मग हळूच बोलिल्या,

“विसूनं अगदी असंच केलं असतं हो, पंत. आधी दुसऱ्याला पाजलं असतं. आईला वाचून दाखवू का?”

बाईंनी तो धडा त्या दिवशी रद्द केला नाही, तैसाच चालू राहू दिला. खरे सांगतो, आम्हांस यंत्राचे भय वाटले ते तेव्हा. उघड खोटे बोलणारा परवडतो. आपल्या मनाजोगे खोटे बोलणारा घरात शिरतो आणि आपणच त्यास पाट मांडितो.

दुसरे दिवशी बंदरकोठारावर गळतीचा सराव होता. वायू नव्हता, केवळ भोंगा, आणि चिमाबाई पाहावयास हजर. भोंगा वाजताच नवे लोक शिस्तीने बाहेर आले आणि शिरगणती जाहली आणि एक माणूस कमी भरला. तो बापडा बाहेरच भिंतीआड पाणी पीत उभा होता. तो दिसेपर्यंत तिघे जण वळोन आत धावले होते. ते तिघे हसत बाहेर आले, तेव्हा बाईंनी विचारिले की, आत का गेलात? त्यांतील केरबा मोहिते नावाचा तगडा गडी छाती काढोन बोलिला,

“विसाजीदादांनी केलं तेच केलं, बाई.”

बाई तशाच दिवाणजींकडे गेल्या. दिवाणजींनी पाच तारे दाखविले, लोक खूश असल्याचे सांगितले, आणि म्हणाले की, गोष्टीत एक माणूस वाचला तर कोणाचे काय बिघडते, उलट तुम्हांसच आनंद वाटावा.

“वाटला ना,” बाई म्हणाल्या. “कालचा अख्खा दिवस वाटला. त्या आनंदापायी आज तिघं गेले असते.”

मग बाई स्वतः यंत्रापुढे बसल्या आणि त्यांनी टाळ्या खोडिल्या, आणि खांदा खोडिला, आणि चहाशी आल्यावर त्यांचा हात अडला. बाई रडल्या, सर्वांदेखत रडल्या, आणि रडत रडत तोही खोडिला, आणि खाली लिहिले की, विसाजी परत आले नाहीत. तेव्हा यंत्र लागलीच बोलिले की, उत्तम बदल, शेवट थोडा आशादायी करून देऊ का?

“नको,” बाई म्हणाल्या. “मेला तो. राहू दे त्याला मेलेला.”

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. यंत्र अद्याप दरबारी आहे, स्तुती करिते, आम्ही खिसा चाचपतो. धड्यास तारे पुन्हा दोनच पडतात. पुढील सरावास शिरगणतीत एक माणूस पुन्हा कमी भरला, तेव्हा केरबा मोहिते दाराशी उभा राहोन रडला, परंतु आत गेला नाही.