आभार मानून झाल्यावर

हार्डनशॉहून माळावर जाणाऱ्या बसमध्ये त्या बुधवारी ओल्या रेनकोटांचा वास कोंदला होता. काचांवर अशी वाफ धरली होती की बाहेर डोंगर आहे की बाजार, काही कळायला मार्ग नव्हता. अगदी पुढच्या सीटवर, मांडीवर नकाशा आणि दोन पायांत काठी धरून विल्फ्रेड होलरॉइड बसला होता. आज त्याची परीक्षा होती, आणि परीक्षक मागच्या सीटवर बसून उकडलेल्या अंड्याचं सँडविच खात होता.

हा परीक्षक म्हणजे डेस्मंड क्लेग. 'बुधवारचे भटके' हा आमच्या गावातल्या निवृत्त मंडळींचा गट. नियम एकच: जायचं बसनं, यायचं बसनं, मधलं काय ते पायांनी. गेल्या हिवाळ्यात डेस्मंड गटात आला आणि थोड्याच दिवसांत म्हणायला लागला की हे आता पुरे झालं. बस जाते तिथल्या सगळ्या वाटा तुडवून झाल्या. तोच पूल, तोच धबधबा, मेंढ्यासुद्धा त्याच. आता आपापल्या गाड्या काढू आणि लांब जाऊ. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. ज्याच्या दारात गाडी असते, त्याला दुसऱ्याच्या दारात ती नाही हे आठवायला जरा वेळ लागतो.

विल्फ्रेडच्या दारात नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मान हलवली, त्याच दिवशी त्यानं लायसन्स परत करून टाकलं होतं. म्युरिअल बॅरक्लफबाईंनी तर जन्मात स्टिअरिंग हातात धरलं नव्हतं. तुम्हा दोघांना मी नेईन की, असं डेस्मंड उदारपणे म्हणाला होता. पण त्याच्या गाडीत मागच्या सीटवर त्याचा कुत्रा बसतो. कुत्रा दांडगा, आणि सीट त्याची. तरी विल्फ्रेडला कुत्र्याचं काही नव्हतं, त्याला उपकाराचं होतं. त्याची बायको एल्सी गेल्यापासून आठवड्यात हा एकच दिवस उरला होता, की तो वेळेवर पोचला नाही तर 'विल्फ्रेड कुठाय' असं कुणीतरी विचारायचं. तो दिवस दुसऱ्याच्या सोयीवर सोडायला तो तयार नव्हता.

म्हणून मागच्या बैठकीत तो ताडकन उभा राहिला होता. "याच बसनं नेऊन तुम्हाला अशी वाट दाखवतो, की तुमच्यापैकी कुणाचं पाऊल तिथं पडलेलं नसेल. मग काय ते ठरवा," असं बोलून तो खाली बसला आणि मग त्याला घाम फुटला. पण गडी जिद्दीचा. स्कारबेकच्या पुलामागं जुन्या खाणीकडे जाणारी एक विसरलेली पाऊलवाट त्यानं हुडकून काढली, एकट्यानं जाऊन चालून पाहिली, कुठला दगड डगमगतो तेसुद्धा डोक्यात बसवलं. सगळी तयारी चोख. फक्त आदल्या रात्री काळजीनं डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तो नेमका बसमध्ये लागला.

बस गचका देऊन थांबली. विल्फ्रेड दचकून जागा झाला. बस थांबली आहे म्हणजे पूल आला, एवढं त्याच्या झोपाळलेल्या डोक्यानं ठरवून टाकलं. त्यानं काठी आपटली, "चला, आलं आपलं ठिकाण," म्हणाला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. नदीम ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहिलं, समोर रस्त्याकडे पाहिलं, काही बोलावं की काय असा चेहरा केला, आणि दार उघडलं.

आता आमच्या भागात बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानल्याशिवाय कुणी पाय खाली टाकत नाही. बस तासभर उशिरा येवो, अंगावर चिखल उडवो, आभार मानायचेच. तेव्हा विल्फ्रेडनं मानले, त्याच्यामागून सगळ्या भटक्यांनी एकेक करून मानले, शेवटी डेस्मंडनंही मानले. दार मिटलं. बस धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

विल्फ्रेडनं आजूबाजूला पाहिलं. पूल नव्हता. थांब्याचा खांबही नव्हता. एक दगडी गडगा होता, त्यात एक उघडं फाटक होतं, आणि रस्त्याच्या कडेला मेंढ्यांचा एक घोळका या मंडळींकडे टक लावून पाहत होता. ही जागा त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

खरं सांगून टाकायला तोंडच उघडायचं होतं. पण समोर डेस्मंड उभा. त्याच्या गळ्यात वाट दाखवणारं यंत्र. त्यानं यंत्राकडे पाहिलं, तोंड उघडलं, मग मिटलं आणि नुसताच घसा साफ केला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून विल्फ्रेडनं काठी त्या उघड्या फाटकाकडे रोखली.

"मुद्दामच जरा आडबाजूला उतरवलंय," तो म्हणाला. "थांब्यावर काय, कुणीही उतरतं."

"थांबा नसताना बस थांबली म्हणजे तुझी चांगलीच ओळख दिसते," म्युरिअलबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं कौतुकाचं की टोमण्याचं हे त्यांच्या नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं, तिथं विल्फ्रेडची काय कथा.

मंडळी फाटकातून आत शिरली. म्युरिअलबाईंनी चघळायच्या गोळ्यांची पिशवी काढली आणि तिची चुरचुर झाली. झालं. माळावरच्या मेंढीला पिशवीची चुरचुर म्हणजे जेवणाची घंटा. तो अख्खा घोळका फाटकातून आत आला आणि मंडळींच्या मागं लागला. गडग्यापलीकडच्या आणखी काही येऊन मिळाल्या. विल्फ्रेडनं मागं वळून पाहिलं तर त्याचे अनुयायी दुपटीनं वाढले होते, आणि नवे जुन्यांपेक्षा जास्त विश्वासानं चालत होते.

पुढं दलदल लागली. नकाशावर ती असेलही, पण नकाशावर आपण कुठं आहोत हेच ठाऊक नसल्यावर नकाशा घ्यायचा तो बसायला. म्युरिअलबाईंचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढून काढला तेव्हा पाय आला, बूट राहिला. डेस्मंड बूट काढायला वाकला, बूट अचानक सुटला, आणि तो बुटासकट त्या चिखलात बसकण मारून बसला. मग म्युरिअलबाई एका पायावर उभ्या राहून असं काही हसल्या की मेंढ्यासुद्धा दोन पावलं मागं सरल्या. डेस्मंडही हसला. विल्फ्रेडही हसला, पण जेमतेमच. चिखलात माखलेला माणूस मत कुणाला देणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता काय करावं? धुकं दाट, पाऊलवाटेला फाटे फुटलेले. तेवढ्यात काळ्या तोंडाची एक थोराड मेंढी सगळ्यांना ओलांडून पुढं झाली आणि चालायला लागली. मागं पाहणं नाही, थांबणं नाही. हिला जायचं ठिकाण ठाऊक आहे, हे विल्फ्रेडनं ओळखलं. आज इथं त्या एकटीलाच ते ठाऊक होतं. तो चारचौघांत मिरवावी तशी काठी मिरवत गुपचूप तिच्या मागं निघाला.

"इथून डावीकडे," फाटा आल्यावर त्यानं जाहीर केलं. मेंढी उजवीकडे वळली. "डावीकडूनही जाता येतं," त्यानं पुढं जोडलं, "पण आपण उजवीकडून जाऊ."

चढ संपला आणि वरच्या अंगाला धुकं एकदम विरलं. खाली सगळा उतार हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरून गेला होता, आणि मधोमध एक काळं, निश्चल तळं होतं. वारासुद्धा नव्हता. इतकी वर्षं या माळावर पाय झिजवलेली माणसं, पण हे तळं कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्यात विल्फ्रेडही आला. त्याला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं, पण ज्यानं आणलं त्यानंच चकित होऊन कसं चालेल? त्यानं घड्याळ पाहिलं आणि ठरल्या वेळेला पोचल्यासारखी मान हलवली.

मेंढ्या मात्र थांबल्या नाहीत. तळ्याला वळसा घालून त्या खाली उतरल्या त्या थेट एका घराच्या अंगणात. तिथं ॲग्नेस थ्वेट नावाची शेतकरीण गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, कमरेवर हात ठेवून उभी होती. सकाळपासून ती याच मेंढ्या शोधत होती.

"फाटक उघडं मिळालं की रस्त्यावर जाऊन ठाण मांडतात मेल्या," ती म्हणाली. "कुठं सापडल्या तुम्हाला?"

"आमच्याबरोबरच होत्या," विल्फ्रेड म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.

मग काय विचारता? ॲग्नेसबाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात घेतलं, ओले मोजे चुलीपुढं टांगले, वाटाण्याचं गरम सूप वाढलं, वर आल्याचा केक आणि किटलीभर चहा. डेस्मंडला त्यांनी आपल्या नवऱ्याची विजार दिली. तिच्यात दोन डेस्मंड सहज मावले असते.

म्युरिअलबाईंनी कपावर चमचा वाजवला. मत इथंच घेऊन टाकू, नंतर पोट रिकामं झालं की माणसांची मतं बदलतात, असं त्यांचं म्हणणं. बस हवी त्यांनी हात वर करा, म्हणाल्या. विल्फ्रेडला वर बघवेना, तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. आणि जेव्हा बघितलं तेव्हा सगळे हात वर होते. शेवटचा हात सैल विजार सावरत डेस्मंडनं वर केला. केकचा तुकडा घशात अडकला असं म्हणून विल्फ्रेडनं डोळे पुसले.

ॲग्नेसबाईंच्या वाटेच्या टोकाशी उभं राहून हात दाखवला की बस थांबते. ती थांबली, आणि ड्रायव्हरच्या जागेवर नदीमच होता. मंडळी मागं जाऊन सुस्तावली. विल्फ्रेड पुढं, आपल्या सकाळच्याच सीटवर बसला.

बस सुरू झाल्यावर नदीम हळूच म्हणाला, "मिस्टर होलरॉइड, एक विचारू? सकाळी तिथं काय काम होतं तुमचं? मी आपला मेंढ्या आडव्या आल्या म्हणून थांबलो होतो. तुम्ही काठी घेऊन उभेच राहिलात, म्हणून दार उघडलं."

विल्फ्रेडचा चेहरा पांढरा पडला. कारण मागच्या सीटवरून कुणीतरी पुढं वाकलं होतं, आणि तो डेस्मंड होता.

"मला उतरल्याबरोबर कळलं होतं," डेस्मंड म्हणाला. "यंत्रात स्पष्ट दिसत होतं, पूल अजून बराच पुढं होता."

"मग बोलला का नाहीस?" विल्फ्रेडनं विचारलं. "जिंकला असतास की."

डेस्मंड ओशाळला. "बोलणार होतो. बसला हात करून थांबवणारही होतो. पण तोवर याचे आभार मानून झाले होते. एकदा आभार मानल्यावर परत कसं चढायचं?"

विल्फ्रेडला ते पटलं. आमच्या गावात कुणालाही पटलं असतं. "पण मग मत बसला का दिलंस?" तो म्हणाला.

"या बसच्या वाटेवर नवीन काही उरलं नाही, असं मी म्हणालो होतो. उरलं होतं," डेस्मंड विजार आवळत म्हणाला. "ते तुला ठाऊक असायला हवं, असं काही आपलं ठरलं नव्हतं."

मग विल्फ्रेडनं आपल्या थर्मासमधला उरलेला चहा त्याला दिला, आणि डेस्मंडनं अर्धं सँडविच पुढं केलं. तेवढ्यात मागून म्युरिअलबाईंचा खणखणीत आवाज आला. सगळ्यांचं एकमत झालंय, त्या सांगत होत्या. पुढच्या बुधवारी पुन्हा हीच वाट, तळ्याकाठी बसून जेवण, आणि या वेळी आणखी चार जणांना घेऊन यायचं. उतरायचं तिथंच, विल्फ्रेडच्या जागेवर.

ती जागा कुठं आहे हे विल्फ्रेडला ठाऊक नव्हतं, आणि यंत्रात चिखल गेल्यामुळं डेस्मंडलाही सांगता येत नव्हतं. विल्फ्रेडनं आशेनं समोरच्या आरशात पाहिलं. आरशातून नदीमही त्याच्याकडेच पाहत होता.

"मला तरी काय आठवणार? सगळं धुकंच होतं," नदीम म्हणाला. "पण मेंढ्या आडव्या आल्या की मी थांबतो. त्यांचं तेवढं तुम्ही बघा."