चाच्यांकडून पोच

जहाज नुसतं धक्क्यावरून बाहेर काढायचं, एक चक्कर मारायची आणि होतं तिथे आणून लावायचं, एवढाच सहीसाहेबांचा विचार होता. (जगातले बहुतेक घोटाळे 'एवढाच विचार होता' इथूनच सुरू होतात.)

सहीसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत आणि सहीची चिठ्ठी पाहिल्याशिवाय साधा वॉशरही कुणाच्या हातावर ठेवत नसत. एकदा खुद्द मॅनेजर चिठ्ठी घेऊन आले. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'सहज' असं लिहिलं होतं. सहीसाहेबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि चिठ्ठी परत केली. "सहज हे कारण होत नाही, साहेब." तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

जहाज त्यांच्या लेकीचं, तेही कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं. हा खेळ जिंकता येत नाही आणि संपत तर नाहीच नाही. अख्खं ब्रह्मांड समोर पसरलेलं असतं. एका ग्रहावर माल स्वस्तात घ्यायचा, दुसऱ्यावर महाग विकायचा, आणि वाटेत चाचे आडवे आले तर तोफा डागायच्या. शाळेत असल्यापासून लेकीने ते जहाज जिवापाड जपलं, वाढवलं होतं. त्याचं नाव तिने 'झुरळ' ठेवलं होतं, कारण काही केल्या मरत नाही. हॉस्टेलवर जाताना ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि बाबांना म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर हवा तर पुसा, पण झुरळाला हात लावू नका. जे होतं ते आपोआप सेव्ह होतं. मेलं की मेलं."

पण पडून राहिलेला माल गंजतो, हे स्टोअरमधलं पहिलं तत्त्व. शिवाय खरं सांगायचं तर लेक गेल्यापासून तिची खोली सहीसाहेबांना खायला उठत होती. तिथे जाऊन बसायला त्यांना काहीतरी निमित्त हवं होतं.

पहिल्याच फेरीला त्यांनी औषधांची खोकी भरली आणि निघाले. अर्ध्या वाटेत तीन लाल ठिपके मागे लागले. पडद्यावर अक्षरं उमटली, 'माल सोड, नाहीतर मर.' सहीसाहेबांनी मुकाट्याने सगळा माल सोडला. इथपर्यंत ठीक होतं. शहाणा माणूस यानंतर पळ काढतो. सहीसाहेब मात्र इंजिन बंद करून तिथेच उभे राहिले.

"माल दिलाय, तर पोच नको?" ते पडद्याला म्हणाले.

चाच्यांनी पोच दिली. तोफेने दिली. झुरळ निम्मं जळालं, एक पंख तुटला आणि कसंबसं एका भिकार ग्रहाच्या धक्क्याला लागलं. त्याच क्षणी बाथरूममधून बायकोचा आवाज आला, "अहो, दुधाकडे बघताय ना?" दूध तोवर ओट्यावरून खाली उतरून फ्रिजच्या दिशेने निघालं होतं.

"जावईबापू, हे काय चाललंय हो?"

सहीसाहेब दचकले. लेकीच्या खोलीत सध्या सासूबाईंचा मुक्काम होता. त्यांचा पाय मोडला होता, प्लास्टर मांडीपर्यंत होतं आणि पलंग कॉम्प्युटरच्या टेबलाला अगदी लागून होता. सहीसाहेबांना वाटत होतं की त्या झोपल्यात.

"ऑफिसचं काम आहे, आई," ते म्हणाले. (सासूला 'मी खेळतोय' असं सांगणारा जावई अजून जन्माला यायचाय.) "स्टोअरचं नवीन सॉफ्टवेअर."

"आणि ते लाल लाल?"

"चोर."

"अगं बाई! तुमच्या स्टोअरवर चोर येतात?"

"रोज," सहीसाहेब खोल आवाजात म्हणाले.

"मग या तोफा कशाला ठेवल्यात?"

"आहेत, पण त्या डागायला वरून मंजुरी लागते."

सासूबाईंनी जावयाकडे अशा काही कणवेने पाहिलं, की लग्नानंतर प्रथमच त्यांनी त्याला दुधावरची साय आपणहून वाढायला सांगितली. (साय नव्हती. दूधच नव्हतं.)

नंतरचे काही दिवस सहीसाहेबांनी झुरळ सावरण्याचा प्रयत्न केला. रोज माल भरायचे, रोज लुटले जायचे. त्यातच लेकीचा फोन आला, "बाबा, शनिवारी येतेय! झुरळ बरं आहे ना?" "मजेत आहे," असं सहीसाहेबांनी सांगून टाकलं. चार वर्षांची असताना जी मुलगी आपलं अर्धं बिस्किटसुद्धा विश्वासाने फक्त बाबांकडे ठेवायला द्यायची, तिला आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि मग नवल घडलं. एके संध्याकाळी ते कारखान्यातून आले, तर झुरळाचा पंख पुन्हा जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी कोठार मालाने भरलेलं. तिसऱ्या दिवशी तर नव्या कोऱ्या तोफा बसलेल्या आणि आजूबाजूला एक लाल ठिपका औषधालाही नाही! बायको दिवसभर नोकरीला, सासूबाई पलंगावर जखडलेल्या. तेव्हा हे कर्तृत्व आपलंच असणार, अशी सहीसाहेबांची खात्री पटली. "ऑटो-पायलटला शिस्त लावली मी," त्यांनी कँटीनमध्ये सांगितलं. "यंत्रसुद्धा वरिष्ठांकडे बघूनच शिकतं." पुढचे दोन दिवस ते जिना चढताना शीळ घालत होते.

शनिवारी लेक आली. चपलाही न काढता कॉम्प्युटरसमोर बसली आणि किंचाळली.

"बाबा! झुरळाची पदवी बघितलीत? 'अतिभयंकर'! अहो, चाचे नाव ऐकून रस्ता बदलतायत! हे तुम्ही केलंत?"

आता खरं बोलायची वेळ होती. पण लेक त्यांच्याकडे अशी बघत होती, की तसं तिने गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. सहीसाहेब विरघळले.

"सहज," ते म्हणाले.

"दाखवा ना! मला एकदा लढून दाखवा."

बायकोही हात पुसत दारात येऊन उभी राहिली. सहीसाहेब खुर्चीत बसले. जहाज निघालं. थोड्याच वेळात कुठल्याशा नवख्या चाच्याचा एकुलता एक लाल ठिपका चुकून समोर आला. 'माल सोड, नाहीतर मर.' सवयीने सहीसाहेबांनी कळ दाबली. अतिभयंकर झुरळाने आपला सगळा माल अंतराळात ओतला आणि इंजिन बंद केलं.

"बाबा, थांबलात काय असे?"

"पोच..." सहीसाहेब पुटपुटले.

"सरका बाजूला!" पलंगावरून गर्जना झाली. सासूबाईंनी हात लांबवून कीबोर्ड खसकन मांडीवर ओढला, प्लास्टरवर नीट टेकवला, आणि कुणाला काही कळायच्या आत लाल ठिपक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. मग त्यांनी सांडलेला माल एकेक करून वेचला. "जन्मभर बोक्यांपासून दूध राखलंय मी," त्या नातीला म्हणाल्या. "या गरिबाच्या स्टोअरवर रोज दरोडा पडतो गं. ह्यांना ते काही झेपेना. म्हटलं, नोकरी जायची बापड्याची. म्हणून दुपारी मीच बघते ह्यांचं ऑफिसचं काम."

बायकोला हसू आवरेना आणि तिने दाराची चौकट धरली. लेक हसत हसत आजीच्या गळ्यात पडली.

"आणि पगार मात्र हेच घेतात," सासूबाई म्हणाल्या.

जाताना लेकीने सगळ्यांसमोर निकाल दिला. झुरळ आजीच्या ताब्यात. बाबांना चालवायचं असेल, तर आजीच्या सहीची चिठ्ठी हवी. सहीसाहेबांना ते मनापासून पटलं, कारण नियम म्हणजे नियम.

सोमवारी कारखान्यातून आल्या आल्या ते कागद घेऊन पलंगाशी उभे राहिले. सासूबाईंनी चष्मा लावला. चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत केली.

"कारणाच्या रकान्यात 'सहज' लिहिलंय, जावईबापू. हे कारण होत नाही. आणि येताना दूध घेऊन या."