चावत असेल तर

“मुसकं? अरे, माणसांना मुसकं बांधून बोलावलंस तू माझ्या दवाखान्यात?”

“ओरडू नकोस ताई. बघतोय ना मी!”

“काय बघतोयस? माझ्या अब्रूचे दात पाडून ठेवलेस!”

ताई दातांची डॉक्टर. दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये नाक खुपसून बसलेला तो तिचा धाकटा भाऊ. एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा. घरात त्याला खटपट्या म्हणत, कारण तो स्वस्थ बसलेला कुणी कधी पाहिलाच नव्हता.

झालं होतं असं, की लोक ताईची वेळ घ्यायचे आणि यायचेच नाहीत. दात ठणकला की ताई आठवायची, गोळी घेतली की ताई गेली उडत. खुर्ची रिकामी आणि ताई त्या खुर्चीवरची धूळ पुसत बसलेली. “हा महिना असाच गेला तर मी कुलूप लावते आणि हॉस्पिटलात नोकरी धरते,” ती एकदा म्हणाली. एवढं ऐकल्यावर खटपट्या गप्प बसतो होय!

“त्यात काय ताई! आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज आपोआप जाईल असं करून देतो. माझ्या डाव्या हाताचा मळ.”

मेसेज पाठवायचा तयार कोड नेटवर फुकट होता. कुणा भल्या माणसाने लिहून सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला. पण वापरायचा कसा? माहितीच्या पानावर लिहिलं होतं, ‘वापर अगदी सोपा आहे. उदाहरणासाठी कोड बघा.’ कोड उघडला तर आत लिहिलेलं, ‘माहितीचं पान बघा.’ सासू म्हणते सुनेला विचार, सून म्हणते सासूला विचार. खटपट्याचं टाळकं सटकलं.

मग हाच कोड इतरांनी कसा वापरलाय, ते तो हुडकायला लागला. एकाने काम अर्ध्यावर सोडून पळ काढला होता. दुसऱ्याने वर टीप मारली होती, ‘हे का चालतं मला माहीत नाही. कृपया हात लावू नये.’ तिसरा मात्र चोख निघाला. ओळ न् ओळ समजावून सांगितलेली. त्याचा कोड जनावरांच्या डॉक्टरसाठी लिहिलेला होता, पण खटपट्या म्हणाला, आपल्याला काय करायचंय! त्याने तो उचलला, मजकूर बदलला आणि शीळ घालत घरी गेला.

बदलला तो वरचा, हिरव्या अक्षरांतला. ती होती माणसांनी वाचायची नुसती टीप. कॉम्प्युटर वाचतो तो मजकूर तिच्या खाली होता, आणि तो होता तस्सा राहिला. दुसऱ्या संध्याकाळी ताईच्या झाडून सगळ्या पेशंटांच्या घरी तो जाऊन थडकला:

‘तुमच्या लाडक्याला उद्या सकाळी घेऊन या. रात्रीपासून उपाशी ठेवा. चावत असेल तर तोंडाला मुसकं बांधून आणा.’

“परत गेला!” ताई किंचाळली. तिचा स्वतःचा नंबरही यादीत होता. “अरे, तिसऱ्यांदा गेला! थांबव ना!”

“थांबवायचं कसं तेच शोधतोय!”

सुरू कसं करायचं याची उदाहरणं पोत्याने पडली होती. थांबवायचं कसं, हे लिहावं असं जगात कुणालाच वाटलं नव्हतं. खटपट्या पान उलटी, कपाळ बडवी, पुन्हा पान उलटी. ताई उठली. टेबलाखाली वाकली. प्लग उपटला.

“सापडलं का रे उदाहरण?” तिने विचारलं.

रात्रभर तिने कुणाकुणाची कशी माफी मागायची ते घोकलं. सकाळी भावाला धरूनच आणलं, म्हणजे शिव्या वाटून घेता येतील. जिन्याच्या वळणावर दोघं थबकले. वर दारापर्यंत माणसंच माणसं.

सगळ्यात पुढे एक रिटायर्ड हेडमास्तर. तोंडाला करकचून मफलर. कोपर बायकोच्या मुठीत.

“मुसकं कुठे मिळेना हो,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, मफलर चालेल.”

“चावतात?” ताईने घाबरत विचारलं.

“मागच्या डॉक्टरांचं बोट विचारा!”

“म्म्म!” हेडमास्तर म्हणाले.

त्यांच्यामागे एका आईने दाढीवाल्या मुलाची कॉलर धरली होती. “दरवेळी वेळ घेतो आणि गुंगारा देतो मेला. काल मेसेज दाखवला. म्हटलं बघ, डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, घेऊन या. आता मी आणणारच.”

ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजवर पेशंटला ‘या’ म्हटलं, तो आला नाही. काल घरच्यांना ‘घेऊन या’ म्हटलं, आणि बायकांनी नवरे, आयांनी मुलगे, सुनांनी सासरे असे फरफटत आणून हजर केले होते.

दुपारपर्यंत ताईला पाणी प्यायला उसंत नव्हती. खटपट्याने तेवढ्यात प्लग लावून खालचा मजकूर गाठला.

“ताई, दुरुस्त करतोय. ‘आपली भेट उद्या आहे, कृपया...’”

“हात लावशील तर याद राख!” ताई हातातल्या चिमट्यासकट वळली. “तेच राहू दे. फक्त तीनदा नको, एकदाच जाऊ दे.”

“अगं, ते जनावरांचं आहे!”

“खुर्ची भरली की नाही? मग!”

“मी इंजिनिअर आहे का कोंडवाडेवाला?” खटपट्याचा आवाज चढला. “कुणाला कळलं हे माझं काम आहे, तर तोंड दाखवायला...”

तेवढ्यात बाहेरची सगळी बडबड एकदम बंद झाली. बाकावरचे पाय पटापट वर गेले. दारातून एक हडकुळे गृहस्थ आत आले, म्हणजे ओढले गेले. साखळीच्या दुसऱ्या टोकाला वासराएवढा कुत्रा होता.

“अहो, वेळ तुमच्या दाढेची होती ना?” ताई म्हणाली.

“हो, पण मेसेजात लाडक्याला आणा म्हटलंय. आमच्या घरी लाडका हाच. मला कोण विचारतं!” गृहस्थ धापा टाकत म्हणाले. “कालपासून उपाशी ठेवलाय. मुसकं तेवढं सापडलं नाही.”

कुत्र्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि खटपट्यावर रोखली.

खटपट्याने हळूच बॅग काखेत मारली.

“ताई, मला आता निघायला हवं.”